पाचव्या दिवशी वारलेली पोर

“आबाजी, एक आणा पायजे होता. चार निघाले.”

नीतूने एवढंच म्हटलं आणि ती थांबली. पुढचं म्हाताऱ्याने स्वतः बोलावं म्हणून थांबली.

मंडईच्या जत्रेचा शनिवार. दिवाळीनंतर नवेगाव बांधला मंडई भरते तेव्हा हरिणखेड्यांच्या घरी चाळीस पानं उठतात, आणि हात धुतल्या धुतल्या सगळी पाहुणेमंडळी मैदानाकडे पळतात. दंडारीचा नाचगाण्याचा खेळ सुरू झाला होता. भोंग्यावर एकजण आजच्या नाटकातल्या नट्यांची नावं अशा थाटात ओरडत होता, जशा काही त्या त्याच्याच घरी उतरल्यात. छपरीत दोघंच राहिली होती. बाजेवर चौऱ्याहत्तर वर्षांचे मनोहरलाल, आणि समोर स्टुलावर त्यांच्या मेलेल्या थोरल्या भावाची, दुलीचंदची नात. बंगळूरहून दोन गाड्या बदलून आलेली ही पोरगी मंडई पाहायला आलेली नाही, हे म्हाताऱ्याला सकाळीच समजलं होतं. तिने ताटातली पुरीसारखी सुवारी अर्धी टाकली होती.

“कायचा आना वो बाई?”

“नात्याचा. सख्ख्या बहीणभावाचं रक्त आठ आणे जुळते. सख्खी मावशी अन भाची, चार आणे. चुलत मावशी असली तं एक आणा. भूमेश्वरी मावशी म्हणजे तुमची लेक, माझ्या आईची चुलत बहीण. तिचं-माझं एक आणा जुळाले पायजे. संगणक म्हणते, चार.”

“मशीन चुकते.”

“चुकते नं. म्हणून तीन महिने मी तोंड उघडलं नाही. पहिले वाटलं, नळ्या बदलल्या. तिची दुसरी नळी होती, ते तपासली. चारच. मंग वाटलं माझा प्रोग्राम चुकला. शेवटी खुमेंद्र मामाचं रक्त तिच्याशी लावून पाहिलं. तुमचा लेक, तुमची लेक. आठ आणे पायजे होते.”

“किती निघाले?”

“दोन.”

मनोहरलालांनी तोंड फिरवलं. आण्यांचा हिशेब त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. ते सोळा आण्यांच्या काळातलेच होते.

नीतूला गावात सगळे डॉक्टर म्हणतात. सकाळीच दुलीचंदच्या जुन्या सालदाराने तिला आपल्या मूळव्याधीचा कागद दाखवला होता. ती त्याला म्हणाली, मी त्या जातीची डॉक्टर नाही. तो म्हणाला, म्हणजे शिकून फायदा काय झाला? प्रश्न चुकीचा नव्हता. नीतू सुई टोचत नाही, गोळी देत नाही. ती संख्याशास्त्रातली. हजारो घरांतल्या माणसांचं रक्त तपासून आलेले करोडो आकडे तिच्या संगणकात असतात. कोणत्या घरात कॅन्सर रक्तातून उतरतो, कोणाच्या अंगात तो दोष असण्याची शक्यता किती, हे ती मोजते. नागपूरला एम.एस्सी., कोलकात्याला पीएच.डी., दोन वर्षं परदेशात, मग बंगळूर. लोकांना वाटतं पोरगी हुशार होती म्हणून इतकी पुढे गेली. खरं कारण तिची आई.

१९९९ साली निर्मला छातीच्या कॅन्सरने गेली. वय एक्केचाळीस. नागपूरच्या डॉक्टरने विचारलं होतं, घरात आणखी कोणाला? नीतूच्या वडिलांनी सासरवाडीला, याच घरी, निरोप पाठवून विचारलं. उत्तर गेलं, नाही. कोणालाच नाही. आणि याच घराच्या मागच्या खोलीत १९७५ साली निर्मलाची आई सुलोचनाबाई छातीला चिंध्या बांधून आठ महिने सडत होती. बाईच्या छातीचं नाव तोंडातून काढायला लाज वाटणारं घर ती छाती किडे पडेपर्यंत झाकून ठेवतं, आणि मग म्हणतं, तिची वेळ आली होती. ही गोष्ट लिहिताना मी कोणाची भीड ठेवणार नाही. असली घरं मी मोजली आहेत. त्यांच्यात माझंही एक आहे.

“तीन वर्षांपूर्वी,” नीतू म्हणाली, “याच बाजेवर बसून तुम्ही मले घरातली माणसं सांगितली. कोण कोणाचं, कोण कितव्या वर्षी गेलं. मी लिहून घेतलं. सुलोचनाबाई, दोन लेकी. थोरली निर्मला. धाकटी पाचव्या दिवशी वारली. आमच्या नकाशात बाई म्हणजे गोल. मेलेल्यावर तिरपी रेघ मारतात. मी त्या धाकटीवर रेघ मारली. आबाजी, मी एका जित्या बाईवर रेघ मारली.”

“तुले कोनी सांगतलं का ते जित्ती हाये?”

“स्वयंपाकघरात उडदाचे बडे तळून राहिली ते.”

म्हाताऱ्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

“शबद देल्ला होता मी. वहिनीले. तुह्या आजीले. दोघा भावायले तिनं बांधाच्या तळ्याच्या पान्यात उभं केलं होतं. म्हने, हे लेकरू कोनाचं ते तोंडातून निघालं तं हे शपत लेकराले खाईन. आता मले सांग, मी कसं बोलू? तू कागद घेऊन आली, मले वाटलं खानदानाचं पुस्तक करून राहिली. आपल्या पोवार समाजाचे असे पुस्तकं लय निघतेत. त्याच्यात एक ओळ खोटी गेली तं कोनाचं काय जाते?”

हीच ती चूक. मनोहरलाल हरिणखेडे यांनी जन्मात एकदाच खोटं सांगितलं, तेही मेलेल्या बाईला दिलेल्या शब्दासाठी, आणि ते नेमकं अशा ठिकाणी सांगितलं जिथे त्याच्यावर गणित बसणार होतं.

“दोष सुलोचना आजीच्या माहेरून आला,” नीतू म्हणाली. “तिच्या पोटच्या लेकरात अर्धी शक्यता. तुमच्या लेकरायमधे नाही. म्हणून मी मावशीले सांगितलं, तुले भीती नाही. तिचं रक्त मी फक्त तुलना कराले घेतलं होतं. आता ते त्रेचाळीसची आहे. आजी अडतीसला गेली, आई एक्केचाळीसला. तिची खरी तपासणी व्हायले पायजे. अन तपासणीसाठी तिले समजाले पायजे, काऊन.”

“चिठ्ठी पाठवता येत नाही का? बिना कारनाची?”

चिठ्ठी होती. नियमांवर नजर ठेवणारी समिती असते, तिने मजकूर बनवून दिला होता: आपल्या जोखमीविषयी पूर्वी दिलेली माहिती अपुरी होती, कृपया समुपदेशकाशी संपर्क साधावा. समितीतली माणसं वाईट नव्हती. पण भूमेश्वरी ती चिठ्ठी घडी करून देवाच्या फोटोमागे ठेवील, हे समितीला कुठून माहीत असणार? शिवाय रक्त देताना फॉर्मवर विचारलं होतं, अनपेक्षित काही निघालं तर कळवायचं का? भूमेश्वरीने ‘हो’वर खूण केली होती. विचारून केली होती.

“मी नाही सांगणार,” नीतू म्हणाली. “तो हक्क तुमचा अन लहान्या आजीचा, रामबाई आजीचा. पण सोमवारी माझी गाडी आहे. त्याच्या आत.”

•

खुमेंद्र खुर्च्या न्यायला आला होता. सडक अर्जुनीला त्याचं कृषी केंद्र आहे. बियाणं विकून विकून सगळ्या जगाला कीड लागलीय असं त्याला वाटतं. चार वाजता गोरेगावचे पाहुणे येणार होते. त्याच्या लेकीची, डिलेश्वरीची सुपारी फुटायची होती. हे तिसरं ठिकाण. आधीच्या दोघांनी कुठून तरी ऐकलं होतं, या घराण्यात छातीची बिमारी आहे म्हणून.

बापाचं तोंड पाहून तो थबकला. मनोहरलालांनी त्याला चार वाक्यांत सगळं सांगितलं. त्रेचाळीस वर्षं दाबलेली गोष्ट चार वाक्यांची होती.

“बात खतम,” खुमेंद्र म्हणाला. “कोनी काही बोलाचं नाही. नीतू, तू बी. आज तं बिलकूल नाही. पाव्हने येऊन राहिले अन तुमी कॅन्सर-कॅन्सर लावून राहिले?”

“मामा, मावशीचा जीव—”

“तीन महिने चूप होतीस नं? आनखी आठ दिस चूप राह्य.”

मग तो खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, आणि त्याच्या डोक्यात दुसरंच चाक फिरायला लागलं. ते चेहऱ्यावर दिसलं.

“एक मिनिट. हे बिमारी मोठ्या मायच्या माहेरची नं? म्हनजे बाबाच्या रक्तात नाही. मायच्या बी नाही. माझ्यात नाही, डिलेश्वरीत तं नाहीच.”

“नाही,” नीतू म्हणाली. “हे मी तुमाले तेव्हाच सांगितलं होतं.”

“सांगतलं, पन लोक कुठं मानते? आता तं पक्कं झालं. भूमेश्वरीच आमची नोहोय. मंग सांगून टाका नं! पाव्हन्यायसमोरच सांगू. ते मोठ्या घरचं लेकरू, आमी फक्त पोसलं—”

“खुमेंद्र.”

म्हाताऱ्याने आवाज चढवला नाही. पण खुमेंद्रला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं. आमी फक्त पोसलं. बांधाचं तळं भरलं की त्याच्या कडेकडेने बहिणीला खांद्यावर घेऊन शाळेत नेणारा पोरगा तोच होता. ती एकदा खांद्यावरच मुतली होती. अजूनही राखीच्या दिवशी तो सगळ्यांसमोर तिला त्यावरून छळतो. तो वाईट माणूस नव्हता. तीन महिने लेकीचा फोटो खिशात घेऊन तो लोकांच्या ओसऱ्यांवर बसला होता. अशा बापाला कुठेही उजेड दिसला की तो धावतो. पायाखाली कोण आहे ते पाहत नाही.

“मी काय बोललो...” तो म्हणाला.

“बोललास ते बराबर बोललास,” दारातून आवाज आला. “सांगाचंच हाये. पन पाव्हन्यायले नाही. जिचं हाये तिले.”

मनोहरलालांची बायको, रामबाई, उभी होती. केव्हापासून, कोणाला माहीत नाही. तिच्या हाताला उडदाचं पीठ होतं.

“माय, तू बस, मी—” खुमेंद्र पुढे झाला.

“तू खुर्च्या ने,” रामबाई म्हणाली. “सांगतो मी. अन तुमी,” हे नवऱ्याला, “तुमचा शबद तुमच्याजवर ठेवा. मी पान्यात उभी नोहोती राहिली. मले कोनी विचारलंच नोहोतं.”

•

भूमेश्वरी बड्यांचा शेवटचा घाणा काढत होती. माय आणि मागोमाग नीतू आत आली तेव्हा ती म्हणाली, “माय, हे पीठ पातळ केलं तू. पाव्हने म्हनतीन, पोरगी पाहाले आलो का भजे चाखाले.”

“गॅस बंद कर.”

“दोनच राहिले—”

“बंद कर म्हनलं नं.”

भूमेश्वरीने आधी बडे काढले, मग गॅस बंद केला. ती जन्मभर अशीच. आधी हातातलं पुरं करणार.

रामबाई पाटावर बसली आणि बोलली. घुमवून-फिरवून नाही. “त्या साली पुसाच्या महिन्यात दोन पोरी झाल्या या घरात. मोठ्या बाईची पहिले, माझी त्याच राती. माझी पाचव्या दिवशी गेली. सकारचा पहर होता. निर्मला मामाच्या गावाले, खुमेंद्र निजलेला, घरात आमी चौघं अन सुईन. मले वेड लागाची पारी आली होती. मोठी बाई आली. तिची पोर माझ्या पदरात टाकली, माझी गार पोर उचलली, म्हने, हे जित्ती तुही, हे मेली माझी. अन अंगनात जाऊन बोंबलली. लोकं जमा झाले. सगळ्यायनं पाह्यलं का सुलोचनाबाईची पोर गेली म्हून.”

बाहेर दंडारीचा ढोल वाढला होता. भूमेश्वरी झारा हातात धरून उभी होती. तिने पहिला प्रश्न विचारला तो असा:

“मोठी माय कितव्या वर्सी गेली?”

“अडतीस,” नीतू म्हणाली.

“निर्मला बाई?”

“एक्केचाळीस.”

“मी त्रेचाळीस.” तिने झारा कढईवर ठेवला. नीतूकडे वळली. “तू म्हनली होतीस, मावशी, तुले भेव नाही. फागुनात शिबिर होतं, छाती तपासाचं. मी लाइनीत होती. सतरावा नंबर. मंग म्हनलं, आपल्याले तं घरच्या डॉक्टरीनबाईनं पास केलं हाये. माझा नंबर मी एका अनोळखी बाईले देल्ला. उपकार केल्यावानी. चहा पिऊन घरी आली.”

नीतूला हे माहीत नव्हतं. कागद चुकीचा होता, हे तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, “मी विचाराले पायजे होतं. लहान्या आजीले कोणी विचारलं नाही, मी बी नाही. माणसायनं सांगितलं ते लिहून घेतलं. बाळंतपणाची गोष्ट मी एका माणसाले विचारली.”

“हो,” रामबाई म्हणाली. “विचारलं असतं तं सांगतलं असतं का, ते देवाले माहीत. पन विचाराचं होतं.”

भूमेश्वरीचा राग आता मायवर वळला. तो येणारच होता.

“अन तू! मोठी माय बिमार पडली तं पान्याचा लोटा माझ्या हातानं पाठवे. मी सहा वर्सांची. ते बाई माझ्याकडं नुसती पाहे. मले कधी मांडीवर घेतलं नाही तिनं. जवर गेली तं म्हने, जाय, तुही माय बोलावते. मले वाटे, मी तिले आवडत नाही. त्रेचाळीस वर्सं मले वाटून राहिलं!”

“घेतलं असतं तं देता आलं नसतं,” रामबाई म्हणाली.

रामबाई थांबली नाही.

“अन माझं आयक. माझी पोर गेली तं तिच्यासाठी मोठी बाई रडली. गाव रडलं. मी आत तुले पाजत होती. सुईन म्हने, रामबाई, हास, तुही तं जित्ती हाये. मी हासली. बांधाच्या पारीवर, काठावर पुरलं तिले, मी पाहाले बी गेली नाही. जेठानीच्या, मोठ्या जावेच्या पोरीसाठी कोन जाते? मंग पार रुंद केली, ते जागा बी गेली. माझ्या पोरीसाठी मी अजून रडली नाही, बाई. रडली असती तं लोकायनं विचारलं असतं, काऊन?”

असं म्हणून ती रडायला लागली. अडुसष्ट वर्षांच्या बाईने पिठाचे हात तोंडाला लावले आणि पाच दिवसांच्या पोरीसाठी ती मोठ्याने, गळा काढून रडली, जसं बायका ताज्या मयताला रडतात. छपरीत मनोहरलाल उठून उभे राहिले; आत जावं की नाही, त्यांना कळेना. ज्यांनी शब्द पाळले त्यांचं पुढे हेच होतं. दाराशी उभं राहावं लागतं.

भूमेश्वरी बसली. मायच्या शेजारी, खालीच, तेलकट फरशीवर. तिने मायचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर घेतलं. जरा जोरातच ओढलं. राग गेला नव्हता. मग त्या डोक्यावरून नीतूला म्हणाली:

“रक्त कुठं देवाचं?”

“नागपूरला, दवाखान्यात. माझ्या प्रयोगशाळेतलं चालत नाही, त्यात तो दोष वाचलेला नाही. नव्यानं देवा लागते. निकालाले सहा आठवडे.”

“असलाच तं?”

“असला तं वेळेवर धरता येते. दर सहा महिन्याले तपासणी. कोणी ऑपरेशन करते. आई अन आजी याच्यासाठी गेल्या, का कोणी पाहिलंच नाही. नसला तं तुही पोरगी बी मोकळी.” आणि मग ती म्हणाली, “मावशी, माझ्यात आहे.”

“काय?”

“तो दोष. पाच वर्षांपासून माहीत आहे.”

“अन सांगतलं नाही कोनाले?”

“कोणाले सांगू? मामाले?”

भूमेश्वरी म्हणाली, “या घरच्या बाया म्हनजे ना. एकाच कोठीत बसून एकमेकीपासून कुलूप लावते.” तिने डोळे पुसले, स्वतःचे नाही, मायचे. पिठाची रेघ उमटली. “फारमावर मायच्या जागी कोनाचं नाव लिहाचं?”

नीतूने सरळ सांगितलं, “बिमारीच्या खान्यात सुलोचनाबाईचं लिहा लागते. नाही तं पुन्हा तेच चुकन.”

रामबाईचं रडणं थांबलं. ती ऐकत होती.

“लिही,” भूमेश्वरी म्हणाली. “अन संग कोन आलं, ते विचारते का?”

“विचारते. नाव अन नातं.”

“तिथं लिही, रामबाई मनोहरलाल हरिणखेडे. नातं, माय.”

खुमेंद्र मागच्या दाराशी येऊन उभा होता. हातात एकही खुर्ची नव्हती. तो बहिणीकडे न पाहता बोलला, “पाव्हने बसले तिकडं. मी म्हनलं, जराक वेळ लागन. काऊन लागन ते बी सांगीन मी, खरं खरं. तुटलं तं तुटलं.” मग घसा साफ करून, “सोमवारी गाडी रिकामी हाये माझी. नागपूरले मीच नेतो.”

“सोमवारी काऊन?” रामबाई म्हणाली. “उद्या काऊन नाही?”

“उद्या रईवार हाये, माय. कोनी भेटत नाही दवाखान्यात.”

“काऊन, रईवारी बाया मरत नाही का?” म्हणत रामबाई भिंतीचा आधार घेऊन उठली आणि पिशवीत लुगडं भरायला आतल्या खोलीत गेली.